देव मानण्याआधी पुरावे कोण पाहतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याच्या बाजूला एका वाचनालयात आम्ही काही मंडळी अधूनमधून जमतो. विषय कुठलाही काढा, चहा येईपर्यंत गाडी देवावर आलेली असते. प्रश्नही ठरलेले. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. वाद घालायला मोकळीक आहे, फक्त आधी शेवटपर्यंत वाचा.

माणसं पुरावे तपासून आस्तिक किंवा नास्तिक होतात का?

बहुतेक जण होत नाहीत. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१९ च्या शेवटी आणि २०२० च्या सुरुवातीला भारतात सुमारे तीस हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या ९८ टक्के लोकांनी सांगितलं, की ज्या धर्मात वाढलो त्यातच आजही आहोत. देव मानणारे ९७ टक्के निघाले. शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांनी सगळे धर्म शेजारी शेजारी मांडून पारखले आणि प्रत्येकाला नेमका आपल्या आईबापांचाच पटला, असं कुणी म्हणत असेल तर त्याला लांबूनच नमस्कार.

हाच माणूस प्लॉट घेताना बघा. एक-चौदाचा उतारा काढतो, म्युटेशन झालंय का पाहतो, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) बसलाय का याची गावात चौकशी करतो, आणि पोर्तुगीज काळातला कागद निघाला तर तो वाचणारा म्हातारा शोधून काढतो. देवाच्या बाबतीत मात्र आजोबा म्हणाले तेवढं पुरतं. यात आळस थोडा आहे आणि हिशेब जास्त आहे. जमिनीचा व्यवहार फसला तर आयुष्याची पुंजी बुडते. देवाबद्दलचं मत चुकलं तरी दुसऱ्या दिवशी पहाटे पदेर, म्हणजे पाववाला, पोंपों वाजवत येतोच.

हे भारताचं झालं. जिथे धर्म सोडणं सोपं आहे, तिथे तरी तपासतात का?

अमेरिकेत आज सुमारे ३५ टक्के प्रौढ लहानपणीच्या धर्मात राहिलेले नाहीत, हे त्याच संस्थेचं अलीकडचं सर्वेक्षण. धर्म सोडून कुठेच न गेलेल्यांना कारण विचारलं तेव्हा जवळपास निम्म्यांनी ‘शिकवण पटेनाशी झाली’ असं सांगितलं. म्हणजे विचार होतो, नाही असं नाही. पण तिथेही सोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण वयाच्या चोविशीच्या आतच सोडतात. त्या वयात माणूस घर सोडतो, नवे मित्र करतो, प्रेमात पडतो. यातलं नेमकं कशाने काय घडलं हे सांगणं कठीण. कारण विचारलं की जो तो शोभेलसं कारण सांगतो.

आमच्या पूर्वजांना निवड होती कुठे? गोव्यात तर धर्म लादला गेला.

बरोबर, आणि हा प्रश्न गोव्याइतका उघडा दुसरीकडे क्वचितच दिसेल. १५१० मध्ये पोर्तुगीज आले. १५४० च्या दशकात तिसवाडीतली देवळं पडली, पुढे बार्देश आणि साष्टीतली. १५५९ च्या फर्मानाने अनाथ हिंदू मुलं बाप्तिस्म्यासाठी पाद्र्यांच्या ताब्यात जाऊ लागली. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं, ते मधली चार-पाच वर्षं वगळता १८१२ पर्यंत उठलं नाही. काही कुटुंबं देव उचलून नदीपलीकडे गेली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. त्या वेळी हा भाग, म्हणजे अंत्रुज महाल (आजचा फोंडा), आदिलशाहीत होता, हेही लक्षात असू द्या. आपल्या देवांना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या मुलुखात.

राहिले ते राहिले, गेले ते गेले. एका भावाने शेत सोडलं नाही, दुसऱ्याने देव सोडला नाही. पुरावे दोघांनीही पाहिले नाहीत, पाहायला वेळही नव्हता. आज वेर्ण्याच्या ख्रिस्ती घरातला मुलगा आणि म्हार्दोळच्या हिंदू घरातला मुलगा, दोघांचा मूळपुरुष एकच निघू शकतो. दोघांनाही आपापला धर्म तर्काला धरून वाटतो. १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी गावडा जमातीतल्या हजारो ख्रिस्ती लोकांना शुद्धी करून हिंदू करून घेतलं, तेव्हाही कुणी ग्रंथ उघडून तुलना केल्याचं दिसत नाही. वाडेच्या वाडे एकदम आले, जसे कधी काळी गेले होते.

एक काळजी मात्र घ्या. श्रद्धा कशी मिळाली यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही. पृथ्वी गोल आहे हेही आपण शाळेत मास्तरांनी सांगितलं म्हणूनच मानलं. नास्तिक मित्र इथे हमखास घाई करतात.

म्हणजे नास्तिक तरी पुरावे पाहून नास्तिक होतात ना?

नास्तिकांना हा प्रश्न आवडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

२०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. त्यातल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांना रोदँच्या विचारमग्न पुतळ्याचं चित्र दाखवलं, बाकीच्यांना थाळीफेक करणाऱ्या खेळाडूचं. विचारमग्न पुतळा पाहिलेल्यांनी देवावरचा विश्वास कमी नोंदवला. निष्कर्ष असा, की विचार करायला लागलं की श्रद्धा पातळ होते. जगभरच्या नास्तिकांनी तो उचलून धरला. विद्यार्थी होते साठाच्या आत, पण तेवढं बघायला कुणाला सवड? २०१७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी जवळजवळ हजार लोकांवर तोच प्रयोग केला, तर फरक काहीच दिसला नाही. मूळ लेखकांपैकी एकाने पुढे उघडपणे मान्य केलं की आपला प्रयोग कच्चा होता. ही त्याची सचोटी. पण पहिली बातमी वाटणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरी वाटली? आपल्याला हवं ते समोर आलं की ‘हे मानता येईल का’ एवढंच आपण विचारतो. नको ते आलं की ‘हे मानायलाच हवं का’ असं विचारतो. या खोडीला धर्म नसतो.

मग माणूस नास्तिक होतो कशाने? जोसेफ हेनरिक या मानववंशशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलेली कल्पना मला जास्त पटते. मूल मोठ्यांचं बोलणं ऐकतं, पण विश्वास ठेवतं ते वागण्यावर. ज्या श्रद्धेपायी माणूस पदरचं काही खर्च करतो, उपास काढतो, तोटा सोसतो, ती श्रद्धा मुलात उतरते. नुसती तोंडाने सांगितलेली उतरत नाही. बोले तैसा चाले, एवढाच त्याचा अर्थ. यावर पुढे झालेल्या कामातही असंच दिसलं, की घरात अशी कृती पाहिलेली मुलं आस्तिक राहण्याची शक्यता जास्त.

आमच्या भागातले नास्तिक मी जवळून पाहिलेत. एकाचा देव गेला तो देवस्थानच्या महाजनकीच्या, म्हणजे वंशपरंपरागत मानकऱ्यांच्या, भांडणात. पालखीला खांदा कुणी द्यायचा आणि कुणी द्यायचा नाही, हे ऐकून तो जो घरी आला तो पुन्हा देवळात गेला नाही. त्याचा संताप रास्त होता, आणि जातीवरून माणूस दूर ठेवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध तो पक्का पुरावाही आहे. देवाच्या अस्तित्वाविरुद्ध मात्र तो पुरावा होत नाही. ग्रंथ त्याने नंतर वाचले, आणि वाचले तेही आपल्याच बाजूचे.

कौल हा पुरावा नाही का? आमच्याकडे कौल लावल्याशिवाय पान हलत नाही.

कौल न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. पुजारी मूर्तीच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवतो, काही देवळांत पानं किंवा कळ्या. मग गाऱ्हाणं घालतो: ‘हे तुझं लेकरू दारात उभं आहे, मुलीचं स्थळ आलंय, करावं की नाही ते सांग.’ उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. काहीच पडलं नाही तर पुन्हा गाऱ्हाणं. देवस्थानागणिक रीत थोडी बदलते. गाभाऱ्यात दिव्याची धग असते, ओलावा हळूहळू सुकतो, आणि बाहेर दहा माणसं श्वास रोखून एका पाकळीकडे बघत असतात. ज्याने हे पाहिलंय तो याला हसणार नाही.

पण प्रश्न पुराव्याचा आहे, तर हिशेब मांडू. कौल खरा ठरतो का हे पाहायचं तर चार खाती लागतात. उजवा आला, काम केलं, ते साधलं. उजवा आला, काम केलं, ते फसलं. डावा आला, तरी केलं, ते फसलं. डावा आला, तरी केलं, ते साधलं. पहिल्या खात्यात ढीगभर किस्से असतात. दुसऱ्यातलं कुणी सांगत नाही. आणि सांगितलं तर ‘गाऱ्हाण्यात काहीतरी चुकलं असणार’ म्हणून ते खात्यातून काढून टाकतात. तिसरं आणि चौथं जवळजवळ रिकामं, कारण डावा आल्यावर ते स्थळ कुणी करतच नाही. ती मुलगी तिथे सुखात नांदली असती की नाही, हे कधीच कळणार नाही. म्हणजे वर्षानुवर्षं कौल लावूनही गावाकडे पुरावा साठत नाही, किस्से साठतात. यात कुणी लबाडी करत नाही. रचनाच अशी आहे की चूक पकडली जाऊ नये.

मग कौल निरुपयोगी का? भाटाच्या (बागायतीच्या) वाटणीवरून बोलणं टाकलेले दोन भाऊ कौलाने मोकळे होतात, कारण कुणीच कुणापुढे हरत नाही. कोर्टात तोच दावा वीस वर्षं चालतो. एवढं काम पाकळी करत असेल तर तिला निरुपयोगी कोण म्हणेल. फक्त हे काम आणि भविष्य कळणं, या दोन गोष्टी एकीत मिसळू नका.

नवस केला आणि गुण आला. हा तर माझा स्वतःचा अनुभव आहे.

अनुभव खरा आहे. त्याचं कारण तेच आहे का, हा प्रश्न उरतो. अमेरिकेत १८०२ बायपास रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, एकासाठी केली नाही, आणि दोन्ही गटांना आपण कुठल्या गटात हे माहीत नव्हतं. गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे सारखंच. तिसऱ्या गटाला ‘तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे’ असं सांगितलं होतं. त्यांच्यात ते ५९ टक्के निघालं!

यावर भाविक म्हणतात, देव काय परीक्षेला बसतो? म्हणणं विचार करण्यासारखं आहे. पण मग देवाला परीक्षेला बसवायचं नसेल तर बरा झालेला काकाही साक्षीदार म्हणून उभा करता येणार नाही. जुन्या गोव्याच्या फेस्तात (चर्चच्या सणात) मेणाचे हातपाय विकत घेऊन वाहतात. ज्यांचा पाय बरा झाला नाही त्यांची मोजदाद कुठेच नसते.

चर्च तर चमत्कार तपासून घेतं म्हणतात. ते खरं का?

खरं आहे, आणि हिंदूंनी याची थोडी कदर करायला हरकत नाही. आपल्या कुठल्याही देवस्थानात चमत्कारावर शंका घेण्यासाठी माणूस नेमलेला मी पाहिला नाही. रोमने तो १५८७ मध्ये नेमला. संतपदासाठी पुढे आलेल्या व्यक्तीविरुद्ध जे जे बोलता येईल ते बोलणं हीच त्याची नोकरी. १९८३ मध्ये नियम बदलले आणि त्याचं महत्त्व बरंच कमी झालं. आजही चमत्काराचा दावा आला की डॉक्टरांचं मंडळ कागदपत्रं तपासतं.

पण डॉक्टर एवढंच सांगू शकतात की ‘आजच्या वैद्यकात याचं स्पष्टीकरण नाही’. तिथून ‘म्हणजे संताने केलं’ पर्यंतची उडी श्रद्धेचीच असते. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेले पाद्री जुझे वाझ २०१५ मध्ये कोलंबोत संत झाले, तेव्हा दुसऱ्या चमत्काराची अट पोपनी माफ केली. श्रीलंकेत त्यांनी उपसलेले कष्ट पुरेसे मानले गेले. मला विचाराल तर तोच जास्त भक्कम पुरावा: माणूस कसा जगला याचा.

एकदा कारण कळलं की श्रद्धा जाते का?

क्वचित. २१ सप्टेंबर १९९५ आठवतोय? देशभर गणपती दूध प्याला. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून खाली ओघळतं. लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं, ‘अस्सं होय’ म्हणाले, आणि पुढच्या चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी होती तशीच बांधली. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत निखाऱ्यांवरून जाणाऱ्या धोंडांचंही (व्रत धरलेल्या भक्तांचंही) तसंच. कोळशातून उष्णता सावकाश वाहते आणि पाऊल क्षणभरच टेकतं, हे शिकलेल्या धोंडाला ठाऊक असतं. तरी तो व्रत मोडत नाही.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. हात पसरलेला पाद्री आणि समोर कलंडणारी बाई. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेला हा माणूस पॅरिसला गेला आणि त्याने सांगितलं, की संमोहनात कसलाही चुंबकी द्रव वाहत नाही, जे घडतं ते समोरच्या माणसाच्या मनातच. अंगात येणं समजून घ्यायला लागणारी किल्ली त्याच्या हातात होती. पाद्री मात्र तो १८१९ मध्ये मरेपर्यंत राहिला.

गोव्यात हिंदू सायबिणीला (मेरीमातेला) तेल वाहतात, ख्रिस्ती दामोदराला मानतात. यात पुराव्याचा प्रश्न येतोच कुठे?

येत नाही, आणि पुष्कळ वादविवाद इथेच फसतात. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ही लईराईची बहीण, असं गावं मानतात. तिच्या फेस्ताला तेल घेऊन जाणारी हिंदू बाई येशूबद्दलचं कुठलंही विधान मान्य करत नसते. ती नातं पाळायला जाते. अशा माणसाला ‘तुझ्या श्रद्धेचा पुरावा काय’ विचारणं म्हणजे प्रश्नच चुकीच्या दारात नेणं. पण तिनेच उद्या ‘तेल वाहिलं म्हणून मुलाची किडनी बरी झाली, औषध बंद करा’ म्हटलं, तर ते विधान झालं. मग पुरावा मागायचा, आणि ताबडतोब मागायचा.

खरंच तपासून धर्म निवडणारा कुणी झालाच नाही का?

झाले. त्यातला एक आपल्याच मातीतला. धर्मानंद कोसंबी १८७६ मध्ये साखवाळला जन्मले. शाळा जेमतेम. एका मराठी मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि ते मनात रुतलं. १८९९ मध्ये बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून घर सोडलं. पुण्यात आणि काशीत संस्कृत शिकले, नेपाळला गेले. तिथल्या बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराश झाले. तेवढ्यावर दुसरा कुणी परत फिरला असता. ते सिंहलद्वीपाला गेले, पाली शिकले आणि मूळ ग्रंथच वाचायला बसले.

नीट पाहा, निवड आधी झाली होती. साखवाळच्या घरात मासिक वाचतानाच ती झाली, पुरावा म्हणावं असं तेव्हा हाताशी काहीच नव्हतं. कोसंबींचं वेगळेपण पुढे दिसतं. बुद्धाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडलं, ही बौद्धांची लाडकी कथा त्यांनी स्वीकारली नाही. जुन्या पाली वचनांच्या आधारे त्यांनी मांडलं, की बुद्धाचे शाक्य आणि शेजारचे कोलिय या दोन कुळांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरच्या भांडणातून तो बाहेर पडला. ज्याच्यासाठी घर सोडलं त्याच्याच चरित्राला त्यांनी कात्री लावली. मला पुरावे तपासणं म्हणजे हे वाटतं: पोहोचल्यावरही तपासत राहणं.

दुसरे अर्थात बाबासाहेब. १९३५ मध्ये येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, आणि नागपूरला दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला. एकवीस वर्षं. पण त्यांनी पारखलं काय? देव आहे की नाही हा त्यांचा मुख्य प्रश्न नव्हता. हा धर्म माणसाला माणूस म्हणून वागवतो का, बुद्धीला पटतो का, हे त्यांनी तपासलं. या प्रश्नाला पुरावा मिळतो, रोजच्या जगण्यात मिळतो.

मी स्वतः तपासलंय की नुसतं मानलंय, हे कसं ओळखू?

समोरच्या बाजूचं म्हणणं तिच्याच माणसाने ‘हो, हेच म्हणायचं होतं’ असं म्हणावं इतकं नीट मांडून पाहा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. दुसरं, स्वतःच्या घरच्या चमत्काराला जी सूट देता ती शेजाऱ्याच्या चमत्कारालाही द्या. संत झेवियरच्या जपून ठेवलेल्या देहाला हसणारा हिंदू कौलाबद्दल गंभीर होतो, आणि कौलाला हसणारा ख्रिस्ती दर दहा वर्षांनी जुन्या गोव्याला रांगेत उभा राहतो. आणि ‘काय दिसलं तर माझं मत बदलेल’ हे आधी कागदावर लिहून ठेवा. काहीच लिहिता आलं नाही, तर तुम्ही आस्तिक असा वा नास्तिक, तपासणी अजून सुरू व्हायची आहे.

सगळंच तपासून मानायचं ठरवलं तर जगणार कसं?

नका तपासू. ज्याने दुसऱ्याचं नुकसान होतं तेवढं तपासा.

तुम्ही स्वतः आस्तिक की नास्तिक?

चवथीला पूजेला बसतो, आरत्या तोंडपाठ आहेत, आणि मूर्ती ऐकते असं मला वाटत नाही. दोन्हीकडचे मित्र यावर नाराज असतात.

माझी आठ वर्षांची मुलगी विचारते, ‘देव खरंच असतो?’ काय सांगू?

तुम्हाला जे वाटतं ते सांगा, आणि ते ‘मला वाटतं’ म्हणून सांगा. मग तिला आजीकडे पाठवा, शेजारच्या ख्रिस्ती मावशीकडे पाठवा, आणि देव न मानणारा कुणी काका असेल तर त्याच्याकडेही. तिघांची उत्तरं जुळणार नाहीत, आणि ती धावत परत येऊन विचारेल की मग खरं कोण बोलतंय. त्या वेळी ‘मोठी झालीस की कळेल’ एवढं मात्र म्हणू नका. ‘तुला कुणाचं पटलं आणि का?’ असं विचारा, आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.